पान एकोणतीस

बिटकोजवळच्या दुकानात
एका दुपारी निघाली यमुताईंची वही,
चौऱ्याऐंशी पानं, रुपयाला एक.
त्या गेल्या त्याला पंधरा दिवस झाले होते.
आम्ही अकरा जणी, म्हणून अकरा गठ्ठे,
वर काळी स्पायरल.

बाई स्वर शाईने लिहायच्या
आणि रेघा पेन्सिलीने.
कोमलाखाली आडवी,
तीव्र मध्यमाच्या डोक्यावर उभी.
रागाचं नाव, तेही पेन्सिलीनेच, कोपऱ्यात.
शाई उतरली.
शिसं उतरलं नाही.

मग शुक्रवारी, सराफ बाजारातल्या त्या माडीवर
शर्वाणी क्षेमकल्याणीने पान एकोणतीस उघडलं.
ही बंदिश आम्हाला अजून शिकवलेली नव्हती.
तिने जे दिसलं ते गायलं:
रे शुद्ध, ग शुद्ध, ध शुद्ध, म साधा.
दुपारचे चार,
आणि माडीवर लख्ख सकाळ.
आहेरबाईंनी तर मान डोलावली.
तबल्यावरचा मुलगा नवा,
त्याला सम सापडली की पुरे.

मी गप्प बसले.
पण पहिली पाळी संपवून मी कधी लवकर पोचायचे,
तेव्हा जिन्यात हीच ओळ ऐकली होती,
बाई एकट्याच असताना.
ती सकाळ नव्हती.
चप्पल काढायचं विसरायला व्हायचं, असलं काहीतरी होतं.

एकतीस वर्षं मी नोट प्रेसमध्ये, तपासणीत.
केसाएवढी रेघ हुकली की अख्खं शीट बाद.
छापलेलं कुणीही वाचेल,
मला पगार होता
न उमटलेल्याचा.

मूळ वही दसकला निघाली,
बाईंच्या भाच्याकडे, फ्रीजवर,
लाइटबिलांच्या खाली.
तो म्हणाला, न्या की मावशी, रद्दीतच जाणार होती.
तिथेच खिडकीशी धरली उजेडाला,
जलचिन्ह बघतात तशी.

रे खाली रेघ. होती.
ध खाली होती.
म वर उभी, एवढी दाबून
की मागच्या पानाला खळ पडलेली.
आणि कोपऱ्यात पुसट: मुलतानी.

ग खाली मात्र
रेघ काढलेली, खोडलेली,
काढलेली, खोडलेली,
रबराने कागद इतका झिजला होता
की सगळ्या पानात उजेड तिथूनच जास्त येत होता.
शेजारी समासात, मुंगीएवढ्या अक्षरात:
«तोडीतलाही ग कोमल. पण हा तो नव्हे.
जरासा वर. रेघ तीच. काय करू.»

काय करू.
बाईंनी हे कधी मोठ्याने म्हटलं असतं
तर आम्ही सगळ्या घाबरलो असतो.

जेल रोडच्या घरी
अकरा गठ्ठे मांडले, पट्टी घेतली, काळं पेन.
रे भराभर झाले. ध झाले.
म च्या डोक्यावर अकरा काठ्या.
ग ला हात थांबला.
जी रेघ ओढीन ती थोडी खोटी,
न ओढली तर पुरती खोटी.
म्हणून ओढली. सरळ. छापल्यासारखी.
एक, दोन, सहा, दहा.

अकराव्या वेळी प्रेसचा भोंगा झाला.
चढताना तो सगळे भोंगे चढतात तसाच चढतो,
पण बंद होताना लोंबत लोंबत खाली येतो,
कुठल्याच पट्टीत न बसणाऱ्या
कितीतरी जागांवरून.
माझी पट्टी सरकली.
रेघ उजवीकडे वर गेली, किंचित.
आमच्याकडे असती तर बाद.

तोच गठ्ठा शर्वाणीला दिला.
तिने पान एकोणतीस काढलं,
बोट ठेवलं,
‘मावशी, ही एकच तिरकी कशी?’

म्हटलं, ग वर थेट उभी राहू नकोस.
म वरून उतरत ये, हळू.
मग बघू
कुठे थांबावंसं वाटतंय.